टॅबवर वायफाय चालत नाही? दुकान गाठण्याआधी हे तपासा



खरिपाची ई-पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांकाची कामं, सातबारा काढणं, पॉलिहाऊसच्या फवारणीचं रेकॉर्ड ठेवणं, भाताची आवक नोंदवणं... आता ही सगळी कामं मोबाईल किंवा टॅबवरच होतात. गटाचा एक टॅब चार-पाच वाड्यांमध्ये फिरतो. नेमकं काम असलं की टॅबवर चक्र फिरत राहतं आणि "टॅब बिघडला" म्हणून तो कामशेत नाहीतर तळेगावच्या दुकानात जातो. बहुतेक वेळा टॅबला काहीच झालेलं नसतं. दोष दुसरीकडे असतो आणि तो घरबसल्या सापडतो.

म्हणून आजचा मेसेज थोडा लांब आहे. सेव्ह करून ठेवा. अडचण आली की क्रमाने तपासा, उड्या मारू नका.

*१) आधी दोष कुठे आहे ते शोधा*

ठिबकचं उदाहरण घ्या. विहिरीतून मोटर पाणी ओढते, मेन लाईनने ते शेतात येतं, लॅटरलने ड्रिपरपर्यंत पोचतं. ड्रिपरला पाणी नाही म्हणून कोणी लगेच ड्रिपर बदलत नाही. आधी विहीर, मोटर आणि लाईन बघतो. इंटरनेटचंही तसंच आहे.

▪️ टॅब म्हणजे ड्रिपर
▪️ वायफाय म्हणजे राउटरपासून टॅबपर्यंतची लॅटरल
▪️ राउटर म्हणजे मोटर
▪️ बाहेरून येणारी फायबर केबल किंवा मोबाईल टॉवर म्हणजे विहीर

टॅबवर "कनेक्टेड, इंटरनेट नाही" असं आलं तर लॅटरल जोडलेली आहे, पण विहिरीतूनच पाणी येत नाही. अशा वेळी टॅबमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग होत नाही.

*सोपी परीक्षा:* घरातला दुसरा फोन घ्या. *त्याचा मोबाईल डेटा बंद करा* आणि त्याच वायफायला जोडा. डेटा बंद केला नाही तर फोन टॉवरवरून नेट घेईल आणि वायफाय चालू आहे असा गैरसमज होईल.

👉 फोनवरही नेट नाही: दोष राउटर किंवा बाहेरच्या लाईनचा. मुद्दा २ बघा.
👉 फोनवर नेट आहे, टॅबवर नाही: दोष टॅबच्या सेटिंगमध्ये. मुद्दा ३ बघा.
👉 राउटरजवळ चालतं, ओटीवर किंवा गोठ्यात चालत नाही: अंतर आणि भिंतींचा प्रश्न. मुद्दा ४ बघा.

*२) राउटर आणि बाहेरची लाईन*

आधी राउटरचा प्लग काढा. ३० सेकंद थांबा, परत लावा. नंतर चार-पाच मिनिटं हात लावू नका, त्याला सुरू व्हायला तेवढा वेळ लागतो. बरेच प्रश्न एवढ्यावरच सुटतात.

फायबरचं कनेक्शन असेल तर डब्यावरचे दिवे बघा. 'पॉन' लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असला की लाईन ठीक आहे. *'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशाचा सिग्नलच येत नाही.* केबल कुठेतरी तुटली, दबली किंवा जास्त वाकली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात झाडाची फांदी पडते, लोणावळा-खंडाळ्याच्या बाजूला माकडं केबलवर लोंबकळतात, घरात उंदीर कुरतडतात. घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक केबल कपाटामागे चिमटली नाही ना, तेवढं बघा. बाकी काम कंपनीच्या माणसाचं. तक्रार करताना "एलओएस लाल आहे" एवढं सांगितलं की तो योग्य सामान घेऊन येतो.

*दोन गोष्टी करू नका:*
❌ फायबरचं टोक काढून त्यात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.
❌ राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट करू नका. त्याने इंटरनेट कंपनीने भरलेली माहिती पुसली जाते आणि मग माणूस येईपर्यंत सगळं बंद. प्लग काढून लावणं वेगळं आणि पिनचं रीसेट वेगळं.

*३) फक्त टॅबवर अडचण असेल तर*

या क्रमाने करा. प्रत्येक पायरीनंतर नेट आलं का ते बघा.

*अ.* विमानाचं चिन्ह चालू नाही ना? ते एकदा चालू करून १० सेकंदांनी बंद करा. मग टॅब बंद करून परत चालू करा.

*आ.* *तारीख आणि वेळ तपासा.* टॅब महिनाभर पेटीत पडून बॅटरी पूर्ण उतरली की कधी कधी तारीख मागे जाते. मग सरकारी साइट उघडत नाहीत, "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'आपोआप' वर ठेवा. तरी तारीख चुकीचीच दिसली तर एकदा हाताने बरोबर करा.

*इ.* वायफायच्या यादीत आपल्या नेटवर्कवर जाऊन 'विसरा' करा आणि पासवर्ड नव्याने टाका. इंग्रजी मोठी-लहान अक्षरं, शून्य आणि 'ओ' यात फरक होतो. राउटरचा पासवर्ड मध्ये कोणी बदलला असेल तर जुना पासवर्ड ठेवलेला टॅब नुसता प्रयत्न करत राहतो.

*ई.* व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं ॲप चालू असेल तर बंद करा. मुलांनी गेमसाठी टाकलेलं असतं, मोठ्यांना माहीतही नसतं.

*उ.* स्टोरेज भरलं आहे का बघा. जागाच नसेल तर ॲप अडखळतं आणि आपल्याला वाटतं नेट नाही. शुभ सकाळचे फोटो आणि व्हिडिओ आधी काढा. *शेताचे फोटो मात्र अपलोड झाल्याशिवाय काढू नका.*

*ऊ.* शेवटचा उपाय: सेटिंगमधल्या रीसेटच्या भागात जाऊन फक्त *वायफाय, मोबाईल व ब्लूटूथ रीसेट* करा. सेव्ह केलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातील, म्हणून आधी लिहून ठेवा. फोटो आणि ॲप जात नाहीत. 'फॅक्टरी रीसेट' किंवा 'सर्व डेटा मिटवा' वेगळं आहे. *त्याला हात लावू नका, त्याने टॅबमधलं सगळं जातं.*

*४) मावळातल्या घरात आणि शेतात*

*पाऊस आणि वायफाय:* पावसाने घरातलं वायफाय कमी होत नाही. पावसात जाते ती लाईट आणि तुटते ती बाहेरची केबल. फायबर चालू असली तरी लाईट गेली की राउटर बंद होतो. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, तरी घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा आणि दुकानदाराला तोच आकडा सांगा. व्होल्ट चुकले तर राउटर जळू शकतो.

*विजा:* मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू व्हायच्या आधी राउटरचा प्लग काढा. खांबावरून साधी तांब्याची केबल येत असेल तर तीही काढा. फायबरची काच वीज नेत नाही, पण अनेक केबलांमध्ये आधाराला लोखंडी तार असते. वीज चमकायला लागल्यावर मात्र केबलला हात लावू नका.

*जुनी घरं:* दगड-मातीच्या जाड भिंती, विशेषतः पावसात ओल धरलेल्या, सिग्नल खातात. पत्रा तर तो परतवूनच लावतो. राउटर लोखंडी कपाटात, फ्रिजमागे किंवा जमिनीवर ठेवू नका. घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, दरवाजाच्या रेषेत ठेवा.

*दोन नावं दिसत असतील तर:* काही राउटर दोन वायफाय दाखवतात, एक २.४ आणि एक ५ गिगाहर्ट्झचं. ५ वेगवान असतं, पण भिंतीपलीकडे लवकर मरतं. २.४ जरा सावकाश, पण लांब जातं. राउटरच्या खोलीत बसला असाल तर ५ वापरा. ओटी, गोठा, खळ्यासाठी २.४. या ५ चा मोबाईलच्या 'फाइव्ह जी'शी काही संबंध नाही.

*पॉलिहाऊसवाल्यांसाठी:* गुलाबाची ओली पानं आणि जीआय पाइपचा सांगाडा या दोन्हींमुळे सिग्नल आत पोचत नाही. घरी ठेवलेल्या राउटरकडून आतल्या टोकाला नेट मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. राउटर फॉगर आणि फवारणीच्या माऱ्यात ठेवला तर ओलाव्याने सडतो. तो पॅकिंग शेडमध्ये प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ठेवा, लोखंडी पेटीत नको. रेकॉर्ड शेडमध्ये येऊन भरा.

*५) फोनच्या हॉटस्पॉटवर टॅब चालवताना*

नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळात बऱ्याच ठिकाणी हाच आधार आहे. डोंगराच्या आड टॉवर असला की फोनलाच रेंज मिळत नाही.

▪️ *फोन रेंजजवळ, टॅब तुमच्याजवळ.* ज्या खिडकीत किंवा माळ्यावर रेंज येते तिथे फोन ठेवा, टॅब घेऊन आत बसा. पाच-दहा मीटर अंतर चालतं. दोन्ही हातात घेऊन आतल्या खोलीत बसलात तर काही मिळणार नाही.

▪️ *टॅबला हॉटस्पॉटचं नावच दिसत नाही?* नवा फोन ५ गिगाहर्ट्झवर हॉटस्पॉट देतो, जुन्या किंवा स्वस्त टॅबला ते दिसत नाही. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ करा. काही फोनमध्ये 'कंपॅटिबिलिटी वाढवा' असा पर्याय असतो. नाव दिसतं पण जोडलं जात नाही, तर सिक्युरिटीमध्ये 'डब्ल्यूपीए ३' ऐवजी 'डब्ल्यूपीए २' निवडा. हॉटस्पॉट बिनपासवर्डचा ठेवू नका.

▪️ *दुपारपर्यंत चालतं, नंतर नुसतं फिरतं?* रोजचा डेटा संपला असेल. बऱ्याच प्लॅनमध्ये मर्यादा संपली की नेट बंद होत नाही, पण इतकं हळू होतं की फोटो जातच नाही. टॅबमधले आपोआप होणारे अपडेट आणि व्हॉट्सॲपचं ऑटो डाउनलोड बंद ठेवा.

▪️ *शनिवार-रविवार टाळा.* पावसाळ्यात भुशी धरण, लोहगड, पवना धरणाच्या बाजूला पर्यटकांची गर्दी होते आणि टॉवर एकच. रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण नेट मिळत नाही. अपलोड करायचं ते आठवड्यातल्या दिवशी, पहाटे किंवा सकाळी लवकर करा.

*६) ई-पीक पाहणीसाठी खास*

राज्यभर ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा राहतो. उद्या अतिवृष्टीत भात आडवा झाला आणि नुकसानभरपाईची वेळ आली, किंवा हमीभावाने विक्रीची नोंदणी करायची झाली, तर तो कोरा रकाना आड येतो. नेट नव्हतं हे कारण तेव्हा कामाचं नाही.

✅ शेतात जाण्याआधी घरी, चांगल्या नेटवर ॲप अपडेट करा, लॉगिन करा, गाव आणि गट नंबर उघडतो का ते बघा. ओटीपी शेतात मागत बसू नका.
✅ *ठिकाण दाखवणाऱ्या जीपीएसला इंटरनेट लागत नाही*, ते उपग्रहावरून चालतं. नेट नसेल तर पहिल्यांदा ठिकाण सापडायला वेळ लागतो, म्हणून मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं थांबा. झाडाखाली, शेडमध्ये थांबू नका.
✅ फक्त वायफायवर चालणाऱ्या, सिम नसलेल्या काही टॅबमध्ये जीपीएस नसतंच. असा टॅब पाहणीला नेऊ नका, फोन वापरा.
✅ फोटो काढला म्हणजे नोंद झाली असं नाही. *अपलोड झाल्याचा संदेश दिसला तरच नोंद झाली.* त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.
✅ शेवटच्या तारखेची वाट बघू नका. त्या दिवशी सगळा तालुका एकदम ॲप उघडतो.

*७) सावध राहा*

स्टेशन, हॉटेल, ढाब्यावरच्या मोफत वायफायवर बँकेचं काम करू नका. "तुमचं वायफाय दुरुस्त करतो, हे ॲप टाका" असा फोन आला तर ठेवून द्या. असं ॲप टाकलं की तुमची स्क्रीन समोरच्याला दिसते, ओटीपीसकट. पैसे गेले तर लगेच *१९३०* वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

*८) तरीही नाही जमलं तर*

"नेट नाही" एवढाच मेसेज पाठवू नका. गटप्रमुखांना या पाच गोष्टी कळवा:
१. दुसऱ्या फोनवर (डेटा बंद करून) तेच वायफाय चालतं का?
२. टॅबवर नेमका काय मेसेज येतो? फोटो पाठवा.
३. राउटरवर कोणते दिवे लागलेत, कोणत्या रंगाचे?
४. अडचण कधीपासून, दिवसभर की ठरावीक वेळी?
५. वरच्यापैकी काय काय करून झालं?

एवढं कळलं तर निम्मी कामं फोनवरच होतात आणि टॅब घेऊन तळेगावपर्यंतची खेप वाचते.

आणि एक विनंती. घरातल्या मुला-मुलींना हा मेसेज दाखवा, पण टॅब त्यांच्याकडे देऊन मोकळे होऊ नका. एकदा स्वतःच्या हाताने राउटर बंद-चालू करून, नेटवर्क 'विसरा' करून बघा. भात कापणीच्या घाईत पोरं कॉलेजला गेलेली असतील, तेव्हा हे आपल्यालाच करावं लागेल.

हा मेसेज आपल्या गटातल्या, विशेषतः टॅब सांभाळणाऱ्या ताई-दादांना नक्की पाठवा.

*आपली शेतकरी उत्पादक कंपनी, मावळ*