फ्लॉवरहॉर्नचं टेंगूळ आणि बोअरचं पाणी

प्रश्न : मुलाच्या हट्टापायी वर्षभरापूर्वी आम्ही फ्लॉवरहॉर्न मासा आणला. डोक्यावरचं टेंगूळ तेव्हा चांगलं गरगरीत होतं, आता बसत चाललंय. दुकानदार म्हणतो, टेंगूळ मोठं तेवढं घराचं नशीब मोठं. त्यात नेमकं असतं काय? मेंदू असतो का? आमच्या बोअरचं पाणी जड आहे, म्हणून आम्ही त्याला फिल्टरचं जारचं पाणी घालतो. सोबतीला एखादा पॅरट मासा आणावा का? आणि पुढेमागे घर बदललं, तर त्याला मोती तलावात सोडलं तर चालेल का?
– एक वाचक, जालना

उत्तर : टेंगळात मेंदू नसतो. तो इतर माशांसारखाच खाली कवटीत असतो. वरचा उंचवटा म्हणजे कातडीखाली साठलेली चरबी आणि पाणी धरून ठेवणारा मऊ थर. बैलाच्या वशिंडासारखं समजा : खाणंपिणं नीट असलं की भरतं, आबाळ झाली की उतरतं. या माशाच्या मध्य अमेरिकेतल्या, सिक्लिड कुळातल्या नातलगांमध्ये, उदाहरणार्थ निकाराग्वाच्या तळ्यांतल्या मिडास सिक्लिडमध्ये, विणीच्या काळात नराचं कपाळ असंच फुगतं आणि नंतर ओसरतं. फ्लॉवरहॉर्न मात्र मुळात कुठल्याच नदीतला नाही. १९९०च्या दशकात मलेशियातल्या पैदासकारांनी ट्रायमॅक, रेड डेव्हिल अशा सिक्लिडांचा संकर करून तो घडवला आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत ते हंगामी टेंगूळ बारमाही केलं. चिनी परंपरेत उंच कपाळ दीर्घायुष्याचं चिन्ह मानतात, अंगावरचे काळे ठिपके अक्षरांसारखे वाचतात. नशिबाची गोष्ट तिथून आली.

टेंगूळ किती वाढणार हे मुख्यतः आईबापांवर ठरतं. विक्रीआधी हार्मोन देऊन रंग आणि टेंगूळ खुलवण्याचे प्रकारही होतात, ते घरी आल्यावर उतरतंच. पण तुमचा मासा वर्षभर तुमच्याकडे आहे. त्यामुळे माझा पहिला संशय जारच्या पाण्यावर आहे.

तुम्ही ते मायेने घालता, हे कळतं. पण जारच्या, म्हणजे आरओच्या, पाण्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात आणि या माशाला क्षार हवे असतात. त्याचे पूर्वज जड, किंचित अल्कधर्मी पाण्यातले. बेसाल्टच्या खडकातून येणारं आपल्याकडचं बोअरचं पाणी चहाला नको वाटत असेल, फ्लॉवरहॉर्नला ते मानवतं. दुसरं असं, की माशाच्या मूत्र-विष्ठेतून अमोनिया सुटतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या कामात आम्ल तयार होतं. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर ते आम्ल पचवतं. आरओच्या पाण्यात ते नसल्याने पीएच घसरत जातो, जिवाणू मंदावतात आणि मासा कोपऱ्यात जाऊन बसतो.

आता घाईने सगळं पाणी बदलू नका, हे कळकळीने सांगतो. पीएच उतरलेल्या टाकीत अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात साठलेला असतो. एकदम जड पाणी ओतलंत, की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. दर दोन-तीन दिवसांनी दहा-पंधरा टक्के पाणी काढून तेवढंच बोअरचं घालत जा. टाकी स्थिरावली, की आठवड्याला पंचवीस-तीस टक्के. नळाचं पाणी वापरलंत तर क्लोरीन उडून जायला ते दिवसभर उघड्या बादलीत हवा सोडून ठेवा, किंवा अँटिक्लोरीन घाला. जालन्यात पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजून वापरावा लागतो. टाकीतून काढलेलं पाणी फेकू नका, नायट्रेटमुळे ते कुंड्यांना खतासारखं लागू पडतं. मात्र टाकीत खडेमीठ किंवा औषध घातलं असेल, तर ते झाडांना नको.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, नाहीतर जिवाणूच धुऊन जातील. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावतं. फूटभर वाढणाऱ्या माशाला एवढी जागा हवीच. पाणी २६ ते ३० अंशांत ठेवा. मे महिन्यात ते ३२च्या वर गेलं, की त्यातला प्राणवायू कमी होतो. झाकण काढून वर जाळी ठेवा आणि पृष्ठभागावर पंखा सोडा, दोन-तीन अंश उतरतात. वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप लावा. नाहीतर माशाबरोबर फिल्टरमधले जिवाणूही गुदमरतात. डिसेंबर-जानेवारीत हीटर विसरू नका.

रोज विष्ठेकडे बघा. ती दाण्यांच्या रंगाची असावी. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल आणि मासा दाणे तोंडात घेऊन थुंकत असेल, तर ती आतड्याच्या रोगाची पहिली खूण असते. अशा वेळी टेंगूळ हमखास बसतं. दोन दिवस खाणं बंद ठेवा, पाणी सुधारा. तरी फरक पडला नाही, तर पशुवैद्यकांना विचारा. दुकानातल्या निनावी गोळ्या घालू नका.

पॅरट आणू नका. ब्लड पॅरट हाही संकरच, १९८०च्या दशकात तैवानात झालेला. त्याचं तोंड पुरतं मिटत नाही, घास तो घशातल्या दातांनी चुरडतो. फ्लॉवरहॉर्नपुढे त्याचा निभाव लागणार नाही. फ्लॉवरहॉर्नला सोबतीची गरज नसते. काचेपलीकडे फिरणारं बोट त्याला पुरतं.

आणि मोती तलाव : नाही, कधीच नाही. १९५२ साली भारतात आणलेली टिलापिया, आपली चिलापी, हाही सिक्लिडच. तिने देशभरच्या जलाशयांत कसा जम बसवला, हे कोणत्याही मच्छीमाराला विचारा. मलेशिया आणि सिंगापूरच्या पाण्यात सोडून दिलेले फ्लॉवरहॉर्न तिथल्या स्थानिक माशांवर उठले आहेत. जालन्यातली कुंडलिका नदी दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. एका पुरात मासा कुठवर जाईल, सांगता येणार नाही. ठेवणं जमेनासं झालं तर दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या एखाद्या हौशी माणसाकडे सोपवा.

घर बदलताना आदल्या दिवशी त्याला खायला घालू नका. झाकणाच्या बादलीत टाकीचंच पाणी घेऊन मासा त्यात सोडा. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात, वेगळ्या डब्यात, ओला ठेवून न्या. नव्या घरी पोहोचल्यावर आधी फिल्टर सुरू करा, सामान नंतर लावा.