अर्ध्या फुटाचे अंतर

वयाची पन्नाशी उलटल्यावर, आणि उभी हयात तहसील कचेरीच्या दफ्तरात खर्ची पडल्यावर, ज्यास खेळाची ओढ लागते, त्याने शनिवार-रविवारच्या पिकलबॉल शिबिरात नाव घालण्यापूर्वी माझी ही हकीकत ध्यानी घ्यावी, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.

नांदगावी आम्हां चार-पाच मंडळींचा सराव चाले तो बॅडमिंटनच्या सिमेंटच्या मैदानावर. सोय उत्तम, कारण दुहेरी बॅडमिंटनचे आणि पिकलबॉलचे मैदान एकाच मापाचे, 44 फूट लांब व 20 फूट रुंद, आणि 1965 साली अमेरिकेतील बेनब्रिज बेटावर हा खेळ जन्मला तोही बॅडमिंटनच्याच मैदानावर. सुनील वालावलकर यांनी मुंबईत त्याची मुहूर्तमेढ रोवून 2008 साली अखिल भारतीय संघटना उभारली, तरी आमच्या तालुक्यापर्यंत तो झिरपत यावयास पुष्कळ वर्षे लागली. परंतु बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा जाळ्यापासून साडेसहा फुटांवर असते, आणि ज्यात उभे राहून टप्पा न पडलेला चेंडू मारण्यास मनाई आहे, ते पिकलबॉलचे ‘किचन’ सात फुटांचे. आम्ही आयती रेषाच प्रमाण मानली.

त्या अर्ध्या फुटाने शिबिरात माझी पाठ सोडली नाही. शहरातील त्या शिबिरात एका प्रशिक्षकामागे आम्ही सोळा शिकाऊ. प्रत्येक ‘व्हॉली’ला, म्हणजे टप्पा पडण्याआधीच्या फटक्याला, माझा अंगठा रेषेवर, आणि लक्ष चेंडूवरून उडून पायाशी. रविवारी दुपारी पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असताना, पैसे भरले आहेत तर एकही डाव चुकवावयाचा नाही या हट्टाने मी उभा राहिलो. डोक्यावरून गेलेल्या उंच चेंडूसाठी जाळ्याकडे तोंड ठेवूनच उलट पावली धावलो, टाच अडकली, आणि टेकलेल्या उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

म्हणून सांगतो: उंच चेंडू मागे गेला की आधी अंग वळवावे आणि मग धावावे, अथवा तो गुण खुशाल सोडून द्यावा, अकरा गुणांच्या डावात एका गुणाची किंमत मनगटाएवढी नसते. पळण्याचे जाड, मऊ तळव्यांचे बूट घालू नयेत, कारण या खेळात पाय आडवे सरकतात व असल्या बुटात घोटा मुरगळतो. बॅडमिंटनचे सपाट बूट बरे. शिबिरापूर्वी निदान महिनाभर आडव्या पावलांचा व पोटऱ्यांचा व्यायाम करावा. नाव घालतानाच एका प्रशिक्षकामागे किती जण, हे निःसंकोच विचारावे. शिकावयाचे ते एकच ठरवून जावे. मला ‘डिंक’, म्हणजे जाळ्यावरून हलकेच किचनमध्ये उतरणारा फटका हवा होता, आणि शनिवारी सकाळी, खांदा न हलवता पॅडल नुसते उचलल्यावर, तो छिद्रांचा चेंडू मऊ ‘टप्प’ आवाज करीत पलीकडे पडला, तेव्हाच माझे शिबीर खरे म्हणजे सुफळ झाले होते. उरलेला दीड दिवस मी हव्यासापायी घालविला.

प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मापाची फीत घेऊन मैदानावर गेलो आणि जाळ्याच्या दोन्ही बाजूंस सात फुटांवर डाव्या हाताने खडूची रेघ ओढली. ती वाकडी आली. सोबत्यांनी दोरी धरून सरळ करून घेतली.