अडकित्ता आणि न फुटणारी सुपारी

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लिहावे हा आगाऊपणा खरा, पण एच.आय.व्ही. या विषाणूला आवरणारी औषधे कशी रचली गेली ही हकीकत मला इतकी मोहक वाटते की, शास्त्रशाखेच्या प्राध्यापकांचा रोष पत्करूनही ती सांगतो.

रक्तातील पेशीत शिरलेला हा विषाणू आपली प्रथिने लांबलचक पट्टीच्या रूपात तयार करवून घेतो. ही पट्टी ठरावीक जागी कापली गेली तरच नव्या विषाणूत संसर्गाची ताकद येते. कापणारे विकर म्हणजे प्रोटिएज. १९८९ साली क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. ९९ अमिनो आम्लांचे दोन अगदी सारखे भाग, आणि मधल्या खाचेत सापडलेली पट्टी! आपल्या रत्नागिरीकराला येथे अडकित्ताच आठवणार.

मग युक्ती निघाली ती अशी: सुपारी फुटण्याच्या नेमक्या क्षणी तिचा जो आकार होतो, त्या आकाराचा छोटा रेणू घडवायचा, मात्र तुटणारा बंध त्यात ठेवायचाच नाही. अडकित्ता त्यालाच धरून बसतो, खरी सुपारी अखंड राहते. या जातीचे पहिले औषध, साक्विनाविर, १९९५ साली अमेरिकेत मंजूर झाले. योगायोगाने सापडलेले नव्हे, माप घेऊन घडवलेले!

पण विषाणूही वस्ताद. स्वतःची नक्कल करताना तो फार चुकतो, आणि एखाद्या चुकीने खाचेचा आकार बदलला की औषध निसटते. म्हणून एका वेळी तीन औषधे द्यावी लागतात. तिन्हींना चकवणे त्याला अवघड जाते.

येथे प्रश्न पैशाचा होतो. पाश्चात्त्य देशांत या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात होता. मुंबईतल्या चाकरमान्याने तो कोठून करावा? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या कृतीला संरक्षण दिले होते, पदार्थाला नव्हे. त्यामुळे वेगळ्या कृतीने तेच औषध बनवता येई. मुंबईच्या सिप्ला कंपनीने, डॉ. युसूफ हमीद यांच्या पुढाकाराने, फेब्रुवारी २००१ मध्ये तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केली. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन ही ती औषधे. ती अडकित्त्यावर नव्हे, तर आर.एन.ए.वरून डी.एन.ए. उतरवणाऱ्या दुसऱ्या विकरावर चालतात. स्टॅव्ह्युडिन पुढे दुष्परिणामांमुळे मागे पडले. २००५ मध्ये कायदाही बदलला.

एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी केंद्रांत हे उपचार मोफत मिळू लागले. आता तेथील गोळीत डोल्युटेग्राविर असते. ते तिसऱ्या विकराला, इंटिग्रेजला, अडवते. विषाणू मात्र शरीरातून जात नाही. गोळी रोज घ्यावी लागते.