टेबलावरील इगतपुरी

आगगाडीच्या लहान प्रतिकृति करण्याचा छंद आपल्याकडे अगदींच अपरिचित नाहीं. पुण्यास कोथरूड भागांत भाऊ जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय 1998 सालीं लोकांस खुलें झालें. तेथें रूळ, पूल, सिग्नल व सर्कशीचा तंबू यांसह एक नगरच चालतें-बोलतें झालेलें दिसतें. तें पाहून आलेला मुलगा घरीं असें कांहीं करूं लागतो, तेव्हां त्याची पहिली चूक बहुधा ठरलेली असते. पेटीवरील चित्र पाहून तो परदेशांतील हिरव्यागार टेकड्या, सूचिपर्णी झाडें आणि उतरत्या लाल छपराचें स्टेशन मांडतो; जणूं काय आपल्या जिल्ह्यांत पाहण्याजोगें स्टेशनच नाहीं! कसाऱ्याच्या घाटानें मुंबईस जाणाऱ्या नाशिककराच्या मुलानें असें करावें हें मला खरोखर खटकतें. आपण इगतपुरी घेऊं.

आधीं प्रमाण ठरवावें. बाजारांतील बहुतेक लहान रुळांमधील अंतर 16.5 मिलिमीटर असतें. युरोपांतील 1435 मिलिमीटरांच्या मार्गास 87 नें भागलें म्हणजे हा आंकडा येतो, म्हणून त्या गाड्या 1:87 प्रमाणाच्या. आपला मार्ग मात्र 1676 मिलिमीटर रुंद आहे, त्यास 16.5 नें भागा, उत्तर जवळजवळ 102 येईल. अर्थात् आपण 1:100 प्रमाण धरलें तर रुळ बरोबर बसतात आणि हिशेबही सोपा होतो: एक मीटर म्हणजे एक सेंटिमीटर. परदेशी डबे मुळांतच आपल्या डब्यांहून अरुंद असल्यामुळें ते या देखाव्यांत फारसे खटकत नाहींत. फलाट रुळापासून सुमारें आठ मिलिमीटर उंच, मनुष्य दीड-पावणेदोन सेंटिमीटर, आणि दहा मीटरांचें झाड दहा सेंटिमीटर. मुलें झाडें नेहमीं फार ठेंगणीं करतात. स्टेशनबाहेरील मोठें झाड खरोखर छपराच्या किती वर जातें हें एकदां पाहून यावें.

आतां घाटाचा विचार करूं. 1865 सालीं हा थळ घाटाचा मार्ग सुरू झाला. कसारा ते इगतपुरी हें अंतर सुमारें 14 किलोमीटर, चढण सुमारें 300 मीटर, आणि चढाचें प्रमाण 37 स 1. म्हणून गाडीस मागून ढकलणारीं जादा एंजिनें लावतात. हें सर्व 1:100 प्रमाणांत करावयाचें तर टेबल 140 मीटर लांब लागेल आणि इगतपुरी छताला टेकेल! एका रुळावरून दुसरा न्यावयाचा असेल तर आठ सेंटिमीटर तरी चढावें लागतें, आणि 37 स 1 या चढानें त्यासाठींच 296 सेंटिमीटर लांबी हवी. घरच्या टेबलावर हें साधत नाहीं. म्हणून घाटाचें केवळ एक टोंक घ्यावें: एक बोगदा, त्याच्या तोंडाशीं कडा, आणि पुढें स्टेशन.

बोगदा केवळ शोभेसाठीं नव्हे. टेबलावरील वळणाची त्रिज्या 45 सेंटिमीटर असते, म्हणजे खऱ्या मापानें 45 मीटर. परंतु आपल्या मोठ्या मार्गावर 175 मीटरांहून तीव्र वळण घेत नाहींत. हें खोटें वळण डोंगराच्या पोटांत लपवावें. थळ घाटांत बोगदे पुष्कळ असल्यानें तें शोभूनही दिसतें.

डोंगर करतांना खरी गंमत आहे. परदेशी पुस्तकें जाळी व कागदाचे गोलसर उंचवटे करावयास सांगतात. आपला सह्याद्रि तसा नाहीं. ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर एकावर एक निजून तो झालेला आहे. भूगर्भशास्त्रांत या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द जिन्याच्या स्वीडिश नांवावरून आला आहे. माथा सपाट, मग उभा कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा. म्हणून जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून आडवे थर रचावे. कडा तेथें थर सरळ, उतार तेथें पायरीपायरीनें मागें सरकवावे. वरून खळ लावलेला वर्तमानपत्राचा कागद चिकटवावा. रंग काळसर करडा द्यावा, मात्र निव्वळ काळा नको. मागील पडद्यावर आग्नेयेकडील कळसूबाईची रांग फिकट निळसर काढावी. दूरचें जितकें फिकें, तितकी खोली अधिक भासते.

खडीविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण देखावा येथेंच फसतो. खरी खडी 65 मिलिमीटरांपर्यंत असते; आपल्या प्रमाणांत ती पाऊण मिलिमीटरही भरत नाहीं. तेव्हां मैद्याच्या चाळणींतून चाळलेली दगडाची भुकटी घ्यावी. (रुळांवरील खडी आणण्यास मुळींच जाऊं नये, आणि मापेंही फलाटावरूनच डोळ्यांनीं घ्यावीं, पालकांनीं याकडे लक्ष ठेवावें.) भुकटी कोरडीच पसरून मऊ कुंचल्यानें स्लीपरांमध्यें सारावी. मग पांढरा गोंद पाण्यांत पातळ करून त्यांत साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाकावे व ड्रॉपरनें सोडावा. साबण नसेल तर पाण्याच्या पृष्ठताणामुळें थेंब गोळा होऊन बसतो व खडी विस्कटते. वाळल्यावर रुळांच्या बाजू तांबूस तपकिरी रंगवाव्या, माथा मात्र चकचकीत ठेवावा, कारण तेथें चाकें घासतात. ब्रेकच्या लोखंडी भुकटीमुळें खडीवरही तांबूस छटा येते.

काळ कोणता तेंही ठरवावें. घाटांत 1930 सालीं विजेचीं एंजिनें आलीं. वाफेचें एंजिन घाट चढतांना दाखवावयाचें तर खांब व तारा गाळल्या पाहिजेत. ऋतुही एकच असावा. मे महिन्यांत गवत पिंवळट व भुरें, तर जुलैंत सर्वत्र हिरवें. पण नळींतून निघालेला हिरवा रंग कोठेंच नसतो, त्यांत पिंवळा व मातकट मिसळावा. झाडांस तुळशीच्या वाळलेल्या काड्या उत्तम. त्यांवर रंगविलेला लांकडाचा भुसा चिकटवावा.

मी स्वतः पावसाळा पसंत करतों. नाशिकपेक्षां इगतपुरीस कितीतरी अधिक पाऊस पडतो, आणि कड्यावरून पडणाऱ्या पाण्याच्या धारा हेंच त्या ठिकाणचें रूप. कांचेवर पांढऱ्या गोंदाच्या बारीक उभ्या रेघा ओढून रात्रभर वाळूं द्याव्या. गोंद पारदर्शक होतो. त्या अलगद सोडवून, टोंकास किंचित् पांढरा रंग देऊन, कड्यावर चिकटवाव्या. फलाटावर वडेवाला छपराखालीं आणि लाल सदऱ्यांतील हमाल भिंतीशीं उभे करावे. अशा पावसांत उघड्यावर कोण थांबतो?