दुगाडला जाऊन तर बघा!

केटी लागली आणि मनालीच्या ट्रेकसाठी साठवलेले पैसे परीक्षा फीमध्ये गेले. रविवारी हॉस्टेलवर तोंड पाडून बसलो होतो, तेव्हा भिवंडीचाच एक मित्र म्हणाला, "चल, दुगाडला!"

वज्रेश्वरी रस्त्यावरचं हे गाव; जवळच गुमतारा किल्ला. वेढ्यातल्या वसईच्या मदतीला निघालेले रामचंद्र गणेश कानडे डिसेंबर १७८० मध्ये इथेच इंग्रजांशी लढताना पडले. अन् मी याच रस्त्याने नुसता गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला जायचो!

रानात वाट चुकली, पाणी संपलं, अर्ध्यावरून परत फिरलो. धडा एवढाच: गावात वाट विचारा, माणशी तीन लिटर पाणी घ्या, उन्हाआधी निघा.

किल्ला बाकी आहे, केटीही. दोन्हींचा दुसरा अटेम्प्ट डिसेंबरात. येताय?