विकी : सगळ्यांनी मिळून लिहायची वही

सीनियर्स पास आऊट झाले की लॅबमधलं निम्मं ज्ञान त्यांच्याबरोबर धाराशिवच्या स्टँडवरून एसटीत बसून निघून जातं! यंदा इंडक्शन मोटरच्या नो-लोड टेस्टला एका वॉटमीटरचा काटा उलटा गेला. मीटर बिघडलं समजून आमच्या बॅचने पूर्ण प्रॅक्टिकल वाया घालवलं. खरं कारण साधं होतं. पॉवर फॅक्टर ०.५ पेक्षा कमी असला की असं होतंच. सप्लाय बंद करून एक कॉइल उलटी जोडायची आणि ते रीडिंग वजा धरायचं. मागच्या बॅचला हे माहीत होतं, पण लिहिलं कोणीच नव्हतं.

यावर उपाय म्हणजे विकी. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली, ती प्रोग्रामर मंडळींना एकमेकांचे अनुभव लिहिता यावेत म्हणून. हवाई भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. मराठी विकिपीडियाही १ मे २००३ पासून असाच अनेकांच्या हातून वाढतो आहे.

विकीत पानाचा जुना इतिहास जपला जातो, म्हणून चूक झाली तरी मागे जाता येतं. मतभेद चर्चापानावर मिटवता येतात.

आम्ही होस्टेलवर लॅबची विकी सुरू केली. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती होती. रूममेटने बारा चुका सुधारल्या, पण वॉटमीटरची माहिती माझीच राहिली!

सरांनी तपासावं, ज्युनियर्सनी भर घालावी. शेवटी, थेंबे थेंबे तळे साचे!