मेंदूचें चित्र आणि यंत्राचा पासंग

तराजूंत पासंग असेल, तर दुकानदार कितीही प्रामाणिक असला तरी त्याचें माप खोटेंच ठरतें. म्हणून शहाणा दुकानदार माल तोलण्यापूर्वीं रिकामीं पारडीं समतोल आहेत कीं नाहींत, हें पाहून घेतो. मेंदूच्या व्यापारांचीं चित्रें काढणाऱ्या यंत्राचाही पासंग असाच पाहावा लागतो. तो कसा, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

आपण बोलतों, हात हालवितों, तेव्हां मेंदूच्या त्या त्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायु असलेल्या व नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण भिन्न असतात. ह्या भेदाचा उपयोग मेंदूच्या अभ्यासास होईल, असें सेइजी ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९० सालीं दाखविलें. ह्या पद्धतीस आज फंक्शनल एमआरआय म्हणतात. तींत प्रबल चुंबकाच्या पोकळींत मनुष्यास निजवून थोड्या थोड्या सेकंदांनीं शेंकडों चित्रें घेतात. मात्र त्यांत दिसणारा फरक बहुधा शेंकडा एक ते पांच इतकाच असतो. यंत्र तापलें तरी तेवढा फरक पडूं शकतो. मग दिसलेला फरक मेंदूचा कीं यंत्राचा?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. मेंदूंतील गांठ काढण्यापूर्वीं वाचेचें स्थान कोठें आहे, हें अजमावण्यास शस्त्रवैद्य ह्या चित्रांचें साह्य घेतात. चित्र चुकलें, तर रोग्याची वाणीच धोक्यांत येईल.

ह्यास उपाय असा कीं, ज्यांत रक्त नाहीं, श्वास नाहीं, विचार नाहीं, अशी वस्तु यंत्रांत ठेवावी. तिला फँटम म्हणतात. अमेरिकेंत फ्रीडमन व ग्लोव्हर ह्यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत सुमारें १७ सेंटिमीटर व्यासाचा गोळा असून त्यांत अगर भरलेला असतो. समुद्रशेवाळापासून होणारा हा पदार्थ आपल्या घरीं चायना ग्रास म्हणून परिचित आहे. नुसतें पाणी यंत्राच्या कंपानें हिंदकळतें; थिजलेला अगर स्थिर राहतो. ह्या गोळ्याचीं दोनशें चित्रें घेतात. गोळा बदलत नाहीं. म्हणून चित्रांत जो फरक आढळेल तो यंत्राचाच.

ह्यांतील एक मार्मिक कसोटी वाइसकॉफ ह्यांनीं १९९६ सालीं सांगितली. शंभर विद्यार्थ्यांनीं एकच भिंत मोजली व प्रत्येकाची थोडी चूक झाली, तर सरासरी काढतांना त्या चुका बऱ्याच अंशीं एकमेकींस खाऊन टाकतात. परंतु सर्वांची मोजपट्टीच आखूड असेल, तर हजार मापांची सरासरीही चुकीचीच राहील. त्याचप्रमाणें चित्रांतील लहान चौकोनापासून आरंभ करून मोठमोठ्या चौकोनांची सरासरी घेतात. तींतील चलबिचल प्रमाणशीर घटत गेली तर ठीक; मध्येंच घटण्याचें थांबलें, तर दोष सर्व बिंदूंस समाईक असून यंत्रांत मुरलेला आहे, असें समजावें. ही परीक्षा नियमानें करून आंकडे नोंदवून ठेवतात; कारण मागील आंकड्यांशीं ताडल्याखेरीज हळूहळू होणारा बिघाड लक्षांत येत नाहीं.

तरीही यंत्र खरें म्हणून अनुमान खरें, असें नाहीं. २००९ सालीं क्रेग बेनेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक मेलेला सॅमन मासा यंत्रांत ठेवून त्यास माणसांचीं चित्रें दाखविलीं. आणि काय आश्चर्य! आठ हजारांवर बिंदूंपैकीं सोळा बिंदूंत मासा जणूं विचार करीत असल्याचें दिसलें. हजारों ठिकाणीं शोध घेतला, कीं कोठें तरी योगायोगानें फरक दिसणारच. गणितांत त्याची सोय करतांच ते सोळाही बिंदु नाहींसे झाले.

विद्यार्थिमित्रहो, ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे, असा प्रश्न आपल्या साधनास प्रथम विचारावा, हाच ह्या मुक्या गोळ्याचा धडा आहे. प्रयोगशाळेंत उष्णतामापक हातीं घ्याल, तेव्हां तो वितळत्या बर्फांत बुडवून पारा शून्यावर येतो कीं नाहीं, हें पाहा. आणि मगच त्यानें दुसऱ्या कशाचीही उष्णता मोजा.